चार पूर्णांक एक टक्के

निसळ सरांनी अँप्लिफायर उचलून बाजूला ठेवला आणि लॅपटॉपच्या एका भोकातून निघालेली वायर सरळ त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात खोचली. मध्ये आता काही नव्हतं. ट्रान्झिस्टर नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, दोन हात लांबीची वायर तेवढी. त्यांनी आवाजाची पट्टी नेहमीच्या खुणेपर्यंत चढवली आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक उंच सुळका उभा राहिला. तो असायलाच हवा होता, तो मूळ सूर. पण त्याच्या उजवीकडे दुसरा उठला, मग तिसरा, मग बारका चौथा, आणि कोपऱ्यात आकडा आला. ४.१ टक्के.

सरांनी वायर काढली, टोकं फडक्यानं पुसली, पुन्हा खोचली. ४.१. लॅपटॉप बंद करून चालू केला. ४.१. स्वयंपाकघरातून इंदूताईंनी चहा टाकू का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी आधी नको म्हटलं आणि लगेच टाक म्हटलं.

हे मोजमाप तसं साधं. साउंड कार्डातून एक शुद्ध सूर बाहेर सोडायचा, अँप्लिफायरमधून फिरवून परत त्याच साउंड कार्डात आणायचा, आणि जाताना नव्हतं ते येताना काय चिकटून आलं ते बघायचं. जे चिकटलं ते डिस्टॉर्शन, अँप्लिफायरची खोट. पण मधला अँप्लिफायरच काढून टाकल्यावर उरते ती खोट कोणाची? वाणी माल तोलण्याआधी रिकामा तराजू धरून पासंग बघतो, तशी इथे आधी वायरला वायर जोडून साउंड कार्डाची खोट बघून घ्यायची असते. श्रीरामपुरात एकतीस वर्षं शिकवताना सर पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचे, 'मोजायच्या आधी मोजणाऱ्याला मोजा.' पोरं हसायची आणि वहीत उतरवून घ्यायची.

आज त्यांच्याकडे चर्चच्या गायनवृंदाचा अँप्लिफायर तपासायला आला होता. त्याचा आकडा ४.१ आला तेव्हा सरांनी सवयीनं नोंदवही उघडली, आणि कुठेतरी काहीतरी आठवून दोन वर्षं मागची पानं चाळली. तिथे त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'कानिफ, अकरावा, ४.१.' दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या मालातून केलेल्या दोन अँप्लिफायरांची खोट दशांशापर्यंत सारखी येत नाही. म्हणून तर त्यांनी वायरला वायर जोडली होती.

कारण अर्ध्या तासात सापडलं. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माइकचा आवाज वाढवण्याचा एक बारकासा चौकोन होता आणि त्यात खूण केलेली होती. आत येणारा सूर त्यानं इतका फुगत होता की साउंड कार्डाला तो पेलत नव्हता, आणि त्याची टोकं छाटली जात होती. सरांनी खूण काढली. मूळ सुळका तेवढा राहिला, बाकीचे बसले. ०.०२.

"कानिफचं मशीन चांगलं होतं," चहा घेऊन आलेल्या इंदूताईंना ते म्हणाले.

इंदूताईंना कानिफ ठाऊक होता, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या गावाहून परतलेल्या नवऱ्याच्या गालावरची खुशीची लालीही त्यांच्या लक्षात होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"मग सांगा त्याला."

"फोन करतो."

"फोनवर नव्हतात बोलला तुम्ही त्याला. चारशे माणसांत बोलला होतात."

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात कानिफनाथ मरकड स्वतः जीप घेऊन सरांना न्यायला आला होता. त्याचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जायचं, आणि टोळ्या परतल्या की देवळात सप्ताह बसायचा. कानिफ सरांचा जुना विद्यार्थी. पंचेचाळिशी गाठली तरी सरांसमोर खुर्चीला पाठ टेकवायचा नाही. भजनी मंडळांसाठी तो हातानं अँप्लिफायर बनवायचा. त्याच्या मशीनवर पखवाज फुटायचा नाही, टाळ कानात टोचायचे नाहीत, आणि थकलेल्या गळ्याचा कीर्तनकारही शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला कळायचा. दहा गावांत त्याची दहा मशीनं चालू होती. अकरावं त्यानं स्वतःच्या गावासाठी केलं होतं. काल्याच्या कीर्तनाला पंचक्रोशीतली मंडळं येतात, त्या सगळ्यांसमोर आपल्या गुरूनं मशीन मोजून दाखवावं आणि मग नारळ फोडावा, अशी त्याची हौस.

हौस सरांनाही होती, पण तिची जात निराळी. एके काळी श्रीरामपुरापासून नेवाशापर्यंतची मंडळं त्यांच्या दारात यायची. मग एकेक करून ती कानिफकडे वळली. सर चारचौघांत 'माझाच विद्यार्थी' म्हणायचे, आणि लगेच विषय बदलायचे. रुचानं, मुलीनं, आपला जुना लॅपटॉप दिला आणि त्यावर हे मोजमाप करता येतं असं कळलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं की कानिफकडे नाही असं काहीतरी आता आपल्याकडे आहे. तसं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नसावं.

त्या दिवशी देवळात सुळके उठले, आकडा आला. हातच्या काकणाला आरसा कशाला? सकाळपासून त्याच मशीनवर भजन ऐकून सरांच्या कानांनी ते चांगलं असल्याचा निवाडा कधीच दिला होता. पण सरांना आरसाच हवा होता. आकडा बघून त्यांना बरं वाटलं, हेच खरं. वायरला वायर जोडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण मनासारखं उत्तर आलं की ते पुन्हा तपासतो कोण?

सप्ताह समितीचे अध्यक्ष सहादेव पाटील यांनी माइक हातात दिला. सर म्हणाले की मशीनमध्ये चार टक्के खोट आहे. आउटपुटचा बायस, म्हणजे आतल्या ट्रान्झिस्टरांना कायम दिलेला थोडासा करंट, जास्त ठेवलाय, तो उतरवायला हवा. पोरगा शिकतोय अजून, होईल. 'शिकतोय अजून' हे तर त्यांनी मायेनं म्हटलं होतं. त्याच मशीनवरून ते बोलत होते, आणि शब्दन्‌शब्द मंडपाच्या टोकापर्यंत लख्ख ऐकू जात होता. कानिफनं मान खाली घालून हात जोडले.

नंतर त्यानं ते काम सोडल्याचं कानावर आलं. बाजारच बसलाय, तयार माल स्वस्त झालाय, असं म्हणून सरांनी तो विषय संपवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून सर निघाले. नेवासा, शेवगाव करत पाथर्डीला पोचायला दहा वाजले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीनदा जुळवलं आणि तिन्ही वेळा त्यात स्वतःची थोडी सोय ठेवलेली त्यांना सापडली. जुना लॅपटॉप, ऐन वेळची घाई, उन्हाची तिरीप.

बाजारतळामागे कानिफचं दुकान होतं. पाटीवर 'मोटार रिवाइंडिंग' एवढंच. बोअरच्या मोटारीत तो तांब्याची तार भरत बसला होता. सर दिसताच उठला, हात पुसले, वाकून पाया पडला. केस पुष्कळ पिकले होते.

सर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, आणि वाटेत जुळवलेल्यापैकी एकही सबब त्यात घातली नाही. चूक साउंड कार्डाची होती, म्हणजे माझी होती. तुझं मशीन चांगलं होतं.

कानिफनं ऐकून घेतलं. मग स्टूल पुढे केलं.

"बसा सर. झालं गेलं. तसंबी त्या मशीनांत खोट हुतीच."

"नव्हती. तेच सांगतोय."

"हुती सर. म्या सोता ऐकली."

आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकताना सरांना स्टुलावर बसावं लागलं. सप्ताह उठल्यावर कानिफनं आधी गावातल्या मशीनचा बायस उतरवला, आणि मग तो त्या दहाही गावांना गेला होता. सरांनी अकराव्यात खोट दाखवली म्हणजे दहांतही ती असणार. एकाच हाताची मशीनं. लोकांनी बोलवायच्या आधी आपणच जावं, म्हणून पदरमोड करून त्यानं एकेक मशीन उतरवलं आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे बायस कमी केला. पंधरा दिवसांत दहाही ठिकाणांहून तक्रारी आल्या. आवाज बारीक झाला की खरखर येते, वीणा किरकिरते. कानिफ पुन्हा गेला, आणि बायस आणखी उतरवला.

"कान म्हनायचे, वाढव. पन म्या म्हनलं, कानाला काय कळतंय? सरांनी काम्प्युटरवर मोजलंय."

सरांना हे कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. अँप्लिफायरच्या आउटपुटला दोन ट्रान्झिस्टर जोडीनं काम करतात. भरलेली पाटी एकानं दुसऱ्याच्या हाती द्यावी तसा आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि क्षणभर दोघांचेही हात पाटीला लागलेले असावे लागतात. बायस तेवढा क्षण सांभाळतो. तो उतरवला की पाटी मध्येच पडते. कानिफची मशीनं निर्दोष होती. सरांच्या शब्दाखातर त्यानं ती आपल्या हातानं बिघडवली होती. आधी गावोगाव सरांचं बोलणं पसरलं, आणि मागोमाग ते खरं ठरवणारी खरखरही पोचली. एक चूक कबूल करायला ते चार तास एसटीत बसून आले होते. दुसरी त्यांना ठाऊकच नव्हती.

दहा मशीनांचं काय झालं, ते त्यांनी विचारलं. कानिफ म्हणाला की मंडळांनी पुण्याहून तयार मशीनं आणली आणि त्याची भंगारात घातली. गावातलं तेवढं राहिलंय, तेही आईमुळे. मुक्ताबाई दिवसभर देवळात असते, काढू देत नाही. पण यंदा समितीनं ठरवलंय, सप्ताहाच्या आधी बदलायचं.

"चल," सर उठले. "आत्ता जाऊ."

"कशाला सर? मान्सं कामात हायेत. मंडप चाललाय."

"माणसं आहेत म्हणूनच."

गावात देवळापुढे मंडपाचे खांब उभे राहत होते. ऊसतोडीवरून आलेली माणसं, हात चिरलेले, चेहरे रापलेले, दोर ओढत होती. सर आलेत म्हटल्यावर सहादेव पाटलांनी काम थांबवलं, सतरंजी अंथरायला लावली. पंचवीसतीस जण भोवती बसले. खांबाला टेकून बसलेल्या मुक्ताबाईंनी पदर सावरला.

सरांनी लॅपटॉप उघडला. आधी सगळ्यांदेखत वायरला वायर जोडली आणि आकडा मोठ्यानं वाचला, ०.०२. हे त्या दिवशी मी करायला हवं होतं आणि केलं नाही, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. मग मशीन मध्ये जोडलं. सुळके उठले. २.९.

"आजूनबी हायेच की खोट," मागून कोणीतरी म्हणालं, वाईट वाटल्यासारखं.

"झाकण काढ," सर कानिफला म्हणाले. "मीटर लाव. बायस वाढव."

कानिफ क्षणभर थांबला. मग त्यानं स्क्रू काढले, मीटर लावलं, आतल्या इवल्याशा फिरकीत स्क्रूड्रायव्हर घातला आणि केसभर फिरवला. पडद्यावर आकडा उतरला. दोन. त्यानं आणखी फिरवला. एकच्या खाली. आणखी. ०.३. शेवटचे सुळके बसले तेव्हा कोपऱ्यात ०.०६ राहिलं. एकानं माइकपुढे टाळ वाजवला. तो नाद स्वच्छ निघाला आणि बराच वेळ टिकला.

कानिफ अजून मशीनमध्येच वाकलेला होता. जुने कारागीर फिरकी एकदा जुळवली की तिच्या कडेवर तांबड्या रंगाची रेघ मारून ठेवतात. अर्धी फिरकीवर, अर्धी पट्टीवर. ती रेघ दोन वर्षं तुटलेली होती. आता तिचे दोन्ही तुकडे एकमेकांसमोर आले होते.

"पयल्यांदा म्या ठिवला हुता तिथंच आला," तो म्हणाला. हे त्यानं कोणालाच उद्देशून म्हटलं नाही. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात तसाच राहिला. सरांनी त्याचा चेहरा पाहिला आणि पटकन नजर पडद्याकडे वळवली, कारण त्या चेहऱ्यावर भंगारात गेलेली दहाच्या दहा मशीनं होती.

मग सर उठून उभे राहिले. त्यांनी सांगितलं की हे मशीन पहिल्या दिवसापासून असंच होतं. खोट माझ्या मोजण्यात होती. मी चुकीचं बोललो, मी सांगितलं म्हणून यानं ते बिघडवलं, आणि दहा गावांची मशीनं माझ्यामुळे वाया गेली. पोरगा शिकत नव्हता, तो तेव्हाच माझ्या पुढे गेलेला होता. हे शेवटचं वाक्य म्हणायला त्यांना जड गेलं, पण ते त्यांनी पूर्ण म्हटलं.

काही जणांचे डोळे पाणावले. सहादेव पाटलांनी पुढे होऊन सरांचे दोन्ही हात धरले.

"मोठी मान्सं आशीच आसत्यात सर. चेल्याचं चुकलं तरी आपल्या आंगावर घेत्यात."

"अंगावर घेत नाही, पाटील. माझंच आहे ते."

"त्येच म्हंतोय म्या." पाटील सगळ्यांकडे वळले. "सरांनी आल्या आल्या मशीन सुधारलं का न्हाई? दोन वर्स ह्याला जमलं न्हवतं."

सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पुण्याचं मशीन आता नको, असं तिथल्या तिथे ठरलं. सरांनीच गावाला एक नवं करून द्यावं, वय झालंय पण एवढं मनावर घ्यावं, कानिफ हाताखाली राहील, शिकेल. कोणीतरी नारळ आणायला देवळात गेलं. मुक्ताबाई खांबाला धरून उठल्या आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पाया पड सरांच्या. आजून येळ गेली न्हाई."

सरांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. जितकं ते स्वतःला दोष देत होते तितक्या लोकांच्या माना आदरानं झुकत होत्या. कोणी दोन शिव्या दिल्या असत्या तर सरांना त्या हव्याच होत्या. पण तिथे शिवी देणारं कोणी नव्हतं, आणि ज्यानं द्यायची तो खाली बसून वायर गुंडाळत होता. सर त्याच्यापाशी जाऊन वाकले.

"कानिफ, तू सांग यांना. तुला सगळं समजलंय. तू सांगितलंस तर ऐकतील."

कानिफनं वायरचा शेवटचा वेढा बोटांवर घेतला, टोक आत खोचलं. आवाज इतका हळू की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये.

"काय सांगू सर? तुमी सांगितलं तर त्यो तुमचा मोठेपना. म्या सांगितलं तर त्ये माझं रडगानं."

वेटोळं त्यानं सरांच्या पिशवीत ठेवलं, चेन लावली, आणि परतीची जीप आली का ते बघायला मंडपाबाहेर गेला.